तात्या टाचणीची वर्गणी

ऑनलाइन चित्रकथांना भवितव्य आहे का, असं हल्ली मला कोणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याकडे नीट पाहतो. तो तरुण असेल तर आहे म्हणतो, उगाच कशाला कुणाचे तळतळाट घ्या. माझ्या वयाचा असेल तर नाही म्हणतो, म्हणजे तो समाधानाने घरी जातो. खरं उत्तर मला ठाऊक आहे, पण ते सांगायचं तर माझी शोभा होते. तशी ती व्हायची तेवढी होऊन गेलेलीच आहे, तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

तात्या टाचणी हे माझं पात्र. अंग टाचणीसारखं, वर वाटाण्याएवढं डोकं, हातात कागदांची पिशवी. तात्या एका रांगेत उभा आहे आणि रांग एका खिडकीकडे जाते. दर आठवड्याला चार चौकोन. त्या चार चौकोनांत कोणीतरी मध्ये घुसतं, कोणाची तरी चप्पल हरवते, किंवा पुढचा माणूस ‘जरा जागा धरा, आलोच’ म्हणून जातो आणि सहा महिने उगवत नाही. अकरा वर्षांत तात्या सत्तराव्या नंबरावरून चौथ्यावर आला. खिडकीत काय मिळतं हे कोणालाच ठाऊक नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे, अशी माझी समजूत होती. ज्या साप्ताहिकात तात्या उभा होता त्याच्या संपादकांनी एक दिवस मला बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं की भविष्यकाळ ऑनलाइन आहे. भविष्यकाळ ऑनलाइन आहे याचा अर्थ ‘पुढच्या आठवड्यापासून येऊ नका’ असा होतो, हे मला घरी आल्यावर बायकोने समजावून सांगितलं.

बायको शिवणकाम करते, त्यामुळे बोलते ती मापात. माझं चित्रं काढायचं टेबल गॅलरीच्या दारापाशी आहे, घरात उजेड काय तो तिथेच, आणि तिचं मशीन गेली अकरा वर्षं स्वयंपाकघरात फ्रिजला खेटून चालतं.

“एक वर्ष करा ऑनलाइन,” ती म्हणाली. “मी काही म्हणणार नाही. वर्षभरात मला एकच माणूस दाखवा. पुढे काय होतं ते वाचायचंय म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे काढणारा. ओळखीचा नको, नात्यातला नको. तसा एक जरी दाखवलात तरी टेबल राहिलं तिथेच. नाहीतर मशीन उजेडात येईल.”

एक! जगात एवढी माणसं पडली आहेत आणि ही मागतेय एक. मी मनातल्या मनात तिची कीव केली आणि कबूल झालो.

योगायोगाने त्याच आठवड्यात ‘ऑनलाइन चित्रकथांचं भवितव्य आणि आर्थिक गणित’ या विषयावर एका तज्ज्ञांचं व्याख्यान होतं. श्रोते नऊ. त्यांतले सात चित्रकार होते, हे त्यांच्या चपलांवरून कळत होतं. आठवा सभागृहाचा रखवालदार. नवव्या बाई शेजारच्या खोलीतल्या केसांच्या तेलाच्या प्रात्यक्षिकाला आलेल्या, त्या चुकून इथे बसल्या आणि शेवटपर्यंत तेल कधी काढतात याची वाट पाहत राहिल्या. तज्ज्ञांनी आयुष्यात कधी चित्र काढलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची तब्येत उत्तम होती. ते म्हणाले, “वाचक पैसे द्यायला तयार आहे. तुम्ही मागायला तयार नाही. लाज सोडा!” सातही चित्रकारांनी वहीत ‘लाज सोडा’ असं लिहून घेतलं. मी धीर करून विचारलं, की आपण स्वतः कोणत्या चित्रकथेसाठी पैसे भरता? तज्ज्ञ म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे, आणि पाणी प्याले. व्याख्यानाला प्रवेश फी होती. त्या संध्याकाळी ऑनलाइन चित्रकथांवर कमाई केलेला शहरातला एकमेव माणूस म्हणजे ते तज्ज्ञ.

तरीही मी लाज सोडली. कोपऱ्यावरच्या दुकानात संगणक दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिच्याकडून संकेतस्थळ करून घेतलं. आता राहिलं ते पैसे भरायचं बटण. बाईंनी त्यावर ‘सबस्क्राइब’ असं लिहून ठेवलं होतं. ते मी ताबडतोब पुसायला लावलं. इथे एक सांगायला हवं. मी नमुना अर्ज खात्यात नोकरीला आहे. माणूस जन्मला की जो अर्ज भरतात आणि मेला की जो भरतात, त्या दोन्ही अर्जांची आणि मधल्या सगळ्या अर्जांची भाषा आमच्या खात्यात ठरते. ज्या अर्जांवर लोक दात-ओठ खात ‘हे काय लिहिलंय?’ म्हणून विचारतात, त्यांतले निम्मे माझ्या हातचे आहेत. असा माणूस स्वतःच्या चित्रकथेवर ‘सबस्क्राइब’ लिहील?

“‘वर्गणी भरा’ असं लिहा,” मी म्हणालो.

“काका, वर्गणी नका लिहू,” बाई म्हणाल्या. “वर्गणी म्हटलं की लोक दार लावून घेतात.”

“दर्जेदार नियतकालिकांना वर्गणीच असते.”

“असते की असायची?”

दुरुस्ती करणाऱ्यांना भाषेचं काय कळतं, असं म्हणून मी तो विषय संपवला.

पहिले दोन आठवडे बटणाला कोणी हात लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात जिन्यात तळमजल्यावरचे दंतवैद्य भेटले. हे गृहस्थ बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता तोंडात पाहतात.

“काय हो, वर्गणी मागताय म्हणे? पाण्याच्या टाकीची गेल्याच महिन्यात दिली की!”

“टाकीची नव्हे हो. तात्याची.”

दंतवैद्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझा हात हातात घेतला. “तात्या गेले? अरेरे! कधी?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण मी तोंड उघडलं की ते दातांत गुंततात. माझ्या खालच्या दाढेवर शोक व्यक्त करून ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळीकडे झालं होतं की माझे कोणी तात्या वारले आणि मागे काही ठेवलं नाही. लोक पडेल चेहऱ्याने येऊन बसू लागले. एकाने तर तात्यांचा स्वभाव किती शांत होता, ते कधी कोणाच्या अध्यातमध्यात कसे नसत, हेही सांगितलं. तसा तात्या खरोखरच अध्यातमध्यात नसतो, म्हणून मी मान डोलावली. तिथेच चुकलं. जाताना प्रत्येकाने विचारून घेतलं, की बटण कुठलं दाबायचं?

मावशीचा फोन आला. “अरे, आपल्यात तात्या कोण होता? मला कसा आठवेना?”

“मावशी, ते चित्र आहे. माझ्या संकेतस्थळावर जा म्हणजे दिसेल.”

“या वयात मी संकेतस्थळावर जाऊ? शोभतं का रे तुला असलं बोलणं?” असं म्हणून तिने फोन आपटला. पैसे मात्र पाठवले. मावशीच्या काळात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी चोरून भेटायची जागा, हे मी भाषेचा माणूस असून विसरलो होतो.

मी खाली फलकावर सूचना लावली: ‘तात्या टाचणी जिवंत आहेत. ते रांगेत उभे आहेत.’ यावरून लोकांनी असं ठरवलं की तात्या दवाखान्याच्या रांगेत असून प्रकृती चिंताजनक आहे. वर्गणी दुप्पट झाली. मी मोठ्या अपेक्षेने यादी बायकोपुढे धरली.

“हे शेजारी,” ती यादीवर सुई फिरवत म्हणाली. “ही मावशी. हे शोकाचे. हे दुखण्याचे. वाचणारा कुठाय यात?”

वाचणारा नव्हता. पैसे भरणाऱ्यांपैकी एकानेही तात्याचा एकही भाग उघडून पाहिलेला नव्हता, ही गोष्ट संगणकावर आकड्यांनिशी दिसते. संगणकात दया म्हणून नाही.

वर्गणीचा बोभाटा झाल्यावर इमारतीचे सेक्रेटरी वर आले. हे मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण फीत अजून खिशात असते. त्यांनी दारातूनच सांगितलं की इमारतीच्या हद्दीत वर्गणी गोळा करायची तर नोंदणी झालेलं मंडळ लागतं.

“हे इंटरनेटवर आहे,” मी म्हणालो. “इमारतीच्या हद्दीत नाही.”

“तुम्ही बसता कुठे?”

मी टेबल दाखवलं. त्यांनी फीत काढून गॅलरीच्या दारापासून टेबलापर्यंत माप घेतलं. “चार फूट दोन इंच आत,” ते म्हणाले. “म्हणजे हद्दीत.” आणि बायकोने, जी एरवी कोणाच्या मापावर विश्वास ठेवत नाही, तिने त्यांना चहा विचारला.

मी त्यांनाही भीक घातली नसती, पण बँकेने अडवलं. माझ्या पगाराच्या खात्यात ‘तात्यासाठी’, ‘तात्यांच्या आत्म्यास शांती लाभो’ आणि ‘तात्या लवकर बरे व्हा’ अशा नोंदी पाठोपाठ आल्यामुळे खातं गोठवलं गेलं होतं. बँकेत गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“हे तात्या वारले की बरे होणार आहेत?”

“ते चित्र आहेत.”

“म्हणजे त्यांचा फोटो आहे तुमच्याकडे?”

“फोटो नाही हो. ते स्वतःच चित्र आहेत. मी काढतो त्यांना.”

“पैसे त्यांच्या नावाने काढता?”

“पैसे नाही, त्यांना काढतो!”

“आवाज चढवू नका. त्यांची सही आणा.”

मागच्या रांगेतले लोक खाकरू लागले. रांगेवर अकरा वर्षं विनोद करणाऱ्या माणसाला रांगेने खाकरून हुसकावणं यात काही विनोद असेलही, पण मला त्या वेळी तो दिसला नाही. शेवटी व्यवस्थापकांनी निवाडा दिला, की एकट्या माणसाला वर्गणी घेता येत नाही. बक्षीस घ्या, देणगी घ्या, उसने घ्या, पण वर्गणी म्हटली की मंडळ पाहिजे. सात सभासद, अध्यक्ष, खजिनदार आणि नमुना क्रमांक सत्तावीस. नमुना त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि मला एकदम भरून आलं. तो माझाच होता. मीच लिहिलेला, शब्दन् शब्द. परक्या ठिकाणी घरचं माणूस भेटावं तसं झालं. स्वतःच लिहिलेला अर्ज कोण वाचत बसतं? मी थेट शेवटच्या पानावर गेलो आणि सही ठोकली.

सेक्रेटरी अध्यक्ष झाले, कारण ते आधीच बसले होते. दंतवैद्य खजिनदार झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, त्यांना कशातही बोलावलं नाही तर त्या त्याबद्दल लिहितात. माझा मेहुणा आला, त्याचं फरश्यांचं दुकान आहे. उरलेले तीन म्हणजे मी, मावशी, आणि दंतवैद्यांच्या खुर्चीत त्या वेळी तोंड उघडून बसलेले एक गृहस्थ, ज्यांना नाही म्हणता आलं नाही.

पहिल्या सभेला मी मोठ्या उत्साहाने तात्याचे निवडक भाग छापून नेले. अध्यक्षांनी ते मोजले, एकसारखे रचले आणि बाजूला ठेवले.

“हा उभा का आहे?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

“रांगेत आहे.”

“कशासाठी?”

“तेच तर कोणाला माहीत नाही. त्यातच—”

“मग मुलांनी यातून घ्यायचं काय?”

दंतवैद्यांना तात्याच्या खालच्या ओळीतला एक दात गैरजागी वाटला. मेहुणा म्हणाला, “भावोजी, रांग कशावर उभी आहे? फरशीवर ना? मग ती फरशी जरा दिसू द्या की! कोपऱ्यात दुकानाचं नाव टाका. याला म्हणतात उत्पन्न.” मी सांगितलं की फरशी चार रेघांत दाखवतात, तीत दुकान बसत नाही. तो म्हणाला, म्हणूनच तुम्ही मागे राहिलात. मग मुख्याध्यापिकांनी विचारलं, अकरा वर्षांत या रांगेत एकही बाई कशी नाही? बायका काय खिडकीवर जात नाहीत? सबंध सभेत हा एकच मुद्दा बरोबर होता. मला खरोखरच लाज वाटली. तो मुद्दा वृत्तांतात घ्यायचा राहून गेला.

पुढच्या चार सभांत तात्याचा दात सरळ झाला, रांगेखाली चकचकीत फरशी आली, आणि तात्या दर भागाच्या शेवटी स्वच्छतेबद्दल एक वाक्य बोलू लागला. हे सगळं मी काढलं. माझ्या हाताने काढलं. कोणी हात पिरगाळला नव्हता. बायकोची मुदत जवळ येत होती आणि मला वाटायचं, या फरशीवरून घसरून का होईना, एखादा वाचक आपल्या दारात येऊन पडेल. पडला नाही. उलट एका अनोळखी माणसाने लिहून विचारलं की ही फरशी ओली असताना निसरडी होते का. तो मी बायकोला दाखवला.

“हा माझ्या भावाचा वाचक,” ती म्हणाली. “तुमचा नाही.”

सहाव्या सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला, की वर्षअखेरीपर्यंत तात्याने खिडकीपाशी पोहोचावं. काम किती दिवस रेंगाळायचं याला काही मर्यादा असते.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. तात्या खिडकीपाशी गेला की संपलं, हे या लोकांना कसं सांगायचं? “तात्या योग्य वेळी पोहोचेल,” मी म्हणालो. “ती वेळ मंडळ ठरवणार नाही.”

“पोहोचल्यावर मिळणार काय त्याला?” दंतवैद्यांनी माझ्या दाढेला विचारलं.

“ते आत्ता सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही, की माहीत नाही?”

अकरा वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते या दात उपटणाऱ्याने. दर आठवड्याला मी तात्याला पाऊलभर पुढे ढकलत होतो ते काही गूढ राखायचं म्हणून नव्हे. खिडकीत काय आहे याचा मला स्वतःलाच पत्ता नव्हता. तिथे पोहोचेपर्यंत सुचेल, असं समजून मी चाललो होतो.

माणसाचा असा अपमान झाला की तो राजीनामा देतो. मी घरी जाऊन राजीनामा लिहिला आणि तो माझ्या नोकरीतला सर्वांत उत्तम मसुदा होता. ‘कलावंताच्या स्वातंत्र्याचा संकोच’ असे शब्द त्यात होते. पुढच्या सभेत मी तो उभ्याने वाचला आणि थांबलो. अशा वेळी कोणीतरी ‘अहो, असं काय करता’ म्हणायचं असतं. मुख्याध्यापिकांनी एका ऱ्हस्व-दीर्घाची चूक सांगितली. अध्यक्ष म्हणाले, “राजीनामा आभारासह मंजूर. पुढचा विषय, खुर्च्या.”

“मी गेलो तर तात्याही जाईल,” मी म्हणालो.

“कुठे?” अध्यक्षांनी शांतपणे विचारलं आणि नमुना क्रमांक सत्तावीस काढला. “कलम नऊ. ‘मंडळाच्या कार्यात उपयोगात आणली जाणारी सर्व पात्रे, खुर्च्या, टेबले व पंखे ही मंडळाची मालमत्ता राहतील.’”

“अहो, ते भांड्यांबद्दल आहे!” मी ओरडलो. “पात्रे म्हणजे भांडी! पिंपं, पातेली, पेले!”

“भांडी असं कुठे लिहिलंय?”

नव्हतंच लिहिलेलं. मूळ मसुद्यात ‘भांडी’ असाच शब्द होता. तो मी लाल शाईने काटला होता, कारण सरकारी कागदावर भांडी म्हणजे भांडणासारखं वाटतं, आणि वर लिहिलं होतं ‘पात्रे’. आमचे साहेब म्हणाले होते, “राहू द्या हो भांडी, लोकांना कळतं.” त्यावर मी त्यांना शब्दांच्या शुद्धतेविषयी वीस मिनिटं ऐकवलं होतं. ती वीस मिनिटं आता व्याजासकट माझ्या अंगावर आली.

दंतवैद्यांनी तात्याचं छापील चित्र वर धरलं. “हे पात्र आहे का?”

“आहे,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “व्याकरणाच्या दृष्टीने मंडळाचं बरोबर आहे.”

“पण काढणार कोण याला?” मी शेवटचं अस्त्र काढलं.

ते दंतवैद्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. संगणकाला तात्याचे जुने भाग खाऊ घातले की तो नवे काढून देतो. त्याला मानधन नको, चहा नको, त्याच्या भावना दुखावत नाहीत, आणि खिडकीत काय आहे असं विचारलं की तो लगेच सांगतो. मग खजिनदार या नात्याने त्यांनी एका ओळीचा अहवाल वाचला, आणि ऑनलाइन चित्रकथांच्या आर्थिक भवितव्याबद्दल माझ्या ऐकण्यात आलेलं हे एकमेव खरं वाक्य आहे. त्या तज्ज्ञांनी फी घेऊनही ते सांगितलं नव्हतं.

“चित्रकथा परवडते,” दंतवैद्य म्हणाले. “चित्रकार परवडत नाही.”

मी संकेतस्थळाची चावी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. चावी म्हणजे नऊ अक्षरी परवलीचा शब्द होता, तो एका चिठ्ठीवर लिहून द्यावा लागला. त्यामुळे ताडकन निघून जाण्यातला रुबाब थोडा कमी झाला.

त्यानंतर तात्याचं तोंड पाहायचं नाही असं मी ठरवलं, आणि दर आठवड्याला पाहिलं. काय ती दशा! तात्याच्या पिशवीला कधी दोन बंद, कधी तीन. बोटांचा हिशेब नाही. मागे उभा असलेला माणूस पुढच्या चौकोनात भिंतीतून अर्धा बाहेर आलेला. रेघ अशी गुळगुळीत, की जणू कोणी काढलीच नाही, जी वस्तुस्थितीच होती. मी हे जिन्यात भेटेल त्याला सांगत असे. लोक म्हणत, हो का? आणि घाईने वर जात. रांगेत आता दोन बायका होत्या, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

आणि तात्या पुढे सरकत होता. चौथ्याचा तिसरा झाला. तिसऱ्याचा दुसरा. मला अकरा वर्षं जे जमलं नव्हतं ते संगणक सहा आठवड्यांत करत होता.

वर्षाची मुदत संपायची त्या रविवारी सकाळी बायकोने फीत आणून माझ्या टेबलाचं माप घेतलं. तिचं मशीन फ्रिजपासून पुढे ओढून ठेवलेलं होतं. मी संगणक उघडला.

पहिल्या चौकोनात तात्याच्या पुढचा माणूस काम आटोपून निघून जातो. दुसऱ्यात तात्याच्या पुढे कोणी नाही. तिसऱ्यात तो पिशवी छातीशी धरून, टाचा उंचावून खिडकीत डोकावतो. आपण त्याच्या पाठीमागे आहोत. वाटाण्याएवढं डोकं, मान ताणलेली, आणि आतून उजेड येतोय.

चौथा चौकोन काळा होता. त्यावर लिहिलं होतं: ‘पुढे पाहण्यासाठी वर्गणी भरा.’

मी उठलो. पाणी प्यालो. या भुरट्यांना एक पै द्यायची नाही, हे ठरलेलंच होतं. माझंच पात्र, माझीच रांग, माझंच बटण. यंत्राने तिथे काय वाट्टेल ते काढलं असेल, फरशीचं दुकान असेल, दातांचा दवाखाना असेल. मला काय त्याचं? मी पुन्हा येऊन बसलो आणि तिसरा चौकोन पाहिला. अकरा वर्षं मी या माणसाला उभं केलं होतं. तिथे पोहोचल्यावर त्याला काही मिळालं की नाही, एवढं तरी मला कळायला नको का? माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला आवडत नाही, पण आले.

मी बटण दाबलं. अध्यक्षांनी नवा फॉर्म केला होता. ‘वर्गणी भरण्याचे कारण’ असा एक रकाना, त्यात चार पर्याय, आणि प्रत्येकापुढे आजवर किती जणांनी तो निवडला याची संख्या. शेजारधर्म, सत्तेचाळीस. नातेसंबंध, बारा. आग्रहाखातर, एकोणीस. शेवटचा पर्याय होता ‘पुढे काय होते ते पाहावयाचे आहे’. त्याच्यापुढे शून्य होतं.

मी शेवटच्या पर्यायावर खूण केली, पैसे भरले आणि पाहिलं. शून्याचा एक झाला.

मी बायकोला हाक मारली. तिने येऊन चष्मा लावला आणि तो एक बराच वेळ पाहिला.

“हा कोण?”

“मी.”

“नाही चालणार,” ती म्हणाली. “ओळखीचा आहे. शिवाय नात्यातला.”

मग तिने मशीनचं स्टूल ओढून माझ्याशेजारी घेतलं, त्यावर बसली आणि फीत गळ्यात अडकवली.

“उघडा आता तो चौकोन,” ती म्हणाली. “काय आहे खिडकीत ते बघू द्या मलाही.”